नुसतं बोलायचंच तर असतं ना?

‘डॉक्टर, सायकॉलॉजिस्टकडे नुसतं बोलायचंच तर असतं ना, मग पदवी कशाला बघायची?’ हे वाक्य माझ्या दवाखान्यात इतक्यांदा ऐकू येतं की आता मला राग लपवता येत नाही. म्हणणारी माणसं चांगली शिकलेली असतात. गुडघ्यासाठी तीन सर्जनची मतं घेतील, पण मनाचा प्रश्न आला की मोबाइलवरचं एक रील त्यांना पुरतं.

गेल्या पावसाळ्यात डोंबिवलीहून एक बाई आल्या. छातीत धडधड, झोपेचं खोबरं, घरात सगळ्यांवर चिडचिड आणि उतरलेलं वजन. एका ‘माइंड कोच’कडे त्यांनी सेशनचं पॅकेज घेतलं होतं, पैसे आगाऊ. बालपणातली दबलेली भीती, असं त्याचं निदान. मी त्यांना दोन्ही हात समोर ताठ धरायला सांगितले आणि बोटांवर एक कोरा कागद ठेवला. कागद थरथरत राहिला. गळ्याशी किंचित सूज, नाडी ११०च्या वर. रक्त तपासलं तर थायरॉइडचं प्रमाण वाढलेलं. गोळ्या लागू पडल्या, बाई झोपू लागल्या.

प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञानं पहिल्याच भेटीत विचारलं असतं, ‘शारीरिक तपासण्या झाल्यात का?’ बोलणं हा उपचार आहेच, आणि चांगला उपचार आहे. पण काय ऐकायचं, कुठे थांबायचं आणि रुग्णाला डॉक्टरकडे कधी पाठवायचं, हे शिकावं लागतं. शनिवार-रविवारच्या कोर्सात ते येत नाही.

मुंबई-पुण्यात पाट्यांचा सुळसुळाट आहे, त्यामुळे गोंधळ होतो हे मान्य. मनोविकारतज्ज्ञ, म्हणजे सायकिअ‍ॅट्रिस्ट, हा एमबीबीएसनंतर पुढे शिकलेला डॉक्टर. औषधं तो देतो, त्याची नोंद मेडिकल कौन्सिलकडे असते. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट औषधं देत नाही. चाचण्या आणि मानसोपचार करतो. १९९२च्या कायद्यानुसार त्याची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे असावी लागते. तिथला नोंदणी क्रमांक मागा आणि परिषदेच्या वेबसाइटवर नाव तपासा. खरा माणूस चिडत नाही, उलट लगेच क्रमांक देतो. काचकूच करणाऱ्याला तिथूनच नमस्कार करा. आणि सायकॉलॉजिस्ट म्हणवणारा कुणी झोपेच्या गोळ्या हातावर ठेवत असेल, तर उठून बाहेर या.

मानसशास्त्रात एम.ए. केलेले समुपदेशक म्हणजे भोंदू नव्हेत, बरं का. परीक्षेचा ताण, नवरा-बायकोतली कुरबुर यांत त्यांची फार मदत होते. माझं भांडण आहे ते ‘तीन सेशनमध्ये डिप्रेशन मुळापासून’ विकणाऱ्यांशी, आणि डॉक्टरांच्या चालू गोळ्या ‘केमिकल’ म्हणून परस्पर बंद करायला लावणाऱ्यांशी. या गोळ्या अचानक थांबवल्या की त्रास उफाळतो, आणि मग घरचे रात्री-अपरात्री मला फोन करतात.

परवडत नाही, हे कारणही सांगू नका. मुंबईत केईएम, नायर, सायन, पुण्यात ससून, सगळीकडे मनोविकार विभागाची ओपीडी आहे. केसपेपर काढा, रांगेत बसा. गर्दी असते, पण समोरचा माणूस शिकलेला असतो. तिथे गेलं म्हणजे कपाळावर वेडाचा शिक्का बसत नाही. निम्म्याहून अधिक माणसं तुमच्या-माझ्यासारखी डबा घेऊन कामावर निघालेलीच दिसतील.

काही लक्षणांत मात्र चांगला सायकॉलॉजिस्ट शोधत बसायला वेळ नसतो. कानात आवाज येणं, रात्रंदिवस झोप नसूनही अफाट उत्साह, खाणंपिणं सुटणं, ‘मी नसलो तर तुम्ही सुटाल’ अशी भाषा, आवडत्या वस्तू वाटून टाकणं. वयस्कर माणूस एका दिवसात भलतंसलतं बरळू लागला तर आधी शरीराचा आजार शोधायचा. लघवीचा संसर्ग किंवा सोडियम उतरणं एवढ्यानंही असं होतं. या सगळ्यांना त्याच दिवशी रुग्णालयात न्या. आणि ‘जीव द्यावासा वाटतो का?’ हे सरळ विचारा. विचारल्यानं तसा विचार डोक्यात शिरतो, ही निव्वळ अफवा आहे. उलट अनेकांना विचारल्यावर सुटल्यासारखं वाटतं.

रात्री कुणीच सापडलं नाही तर सरकारची टेलि-मानस सेवा आहे, क्रमांक १४४१६. चोवीस तास, फुकट, मराठीतही. हा नंबर आत्ताच फोनमध्ये साठवून ठेवा.