सूक्ष्मसेवा : एक परिचय

लातूरच्या आडत बाजारात हमाल पोती उतरवतो, आडत्या सौदा काढतो, मापाडी माप करतो आणि शेवटी हिशोबपट्टी होते. एक मापाडी रजेवर गेला तर दुसरा उभा राहतो. त्यासाठी आडत्याची वही बदलावी लागत नाही. संगणकशास्त्रातील ‘मायक्रोसर्व्हिस’ म्हणजेच सूक्ष्मसेवा-रचनेचे मूळ तत्त्व हेच होय.

एकसंध प्रणालीत परीक्षा अर्ज, शुल्क, निकाल ही सारी कामे एकाच आज्ञावलीत असतात. शुल्काचा एक नियम बदलला तरी संपूर्ण आज्ञावली नव्याने बसवावी लागते. सूक्ष्मसेवा-रचनेत प्रत्येक कामाची आज्ञावली स्वतंत्र असते. तिची माहिती तिच्याचजवळ राहते व इतरांशी व्यवहार ठरलेल्या नमुन्यातील संदेशांनीच होतो. जेम्स लुईस व मार्टिन फाउलर यांच्या २०१४ मधील लेखाने हे नाव सर्वत्र रूढ झाले.

हेच तत्त्व अधिक मोठ्या प्रमाणावर यूपीआयमध्ये दिसते. मुंबईच्या नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने ही व्यवस्था २०१६ मध्ये सुरू केली. लातूरहून वडिलांनी नांदेडला शिकणाऱ्या मुलाला खानावळीचे पैसे पाठविले, तर मध्यवर्ती यंत्रणा वडिलांच्या बँकेला रक्कम वजा करण्यास व मुलाच्या बँकेला ती जमा करण्यास सांगते. एका बँकेची वही दुसरीला दिसत नाही.

परंतु खरी अडचण येथेच आहे. एकाच वहीत दोन्ही नोंदी एकदम करता येतात किंवा दोन्ही रद्द करता येतात. वह्या वेगळ्या झाल्या की रक्कम वजा होऊन पुढचा संदेश अडकू शकतो. म्हणून प्रत्येक व्यवहारास स्वतंत्र क्रमांक लागतो. तोच संदेश पुन्हा आला तरी पैसे दोनदा कापले जाऊ नयेत. उलट नोंदीची सोयही आधीच करावी लागते. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकात अशी अडकलेली रक्कम व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप परत करण्याची मुदत घातली. दुकानदारास दिलेल्या पैशांसाठी ती पाच दिवसांची आहे. त्यापुढे दररोज १०० रुपये भरपाई ठरविली. ही माहिती प्रत्येक विद्यार्थ्याने ध्यानात ठेवावी.

सारांश, कामाची वाटणी करणे सोपे असते. वाटणीनंतर एखादा दुवा तुटला, तर कोणी, किती वेळात व काय करावयाचे, हे आधी ठरविणे म्हणजे रचना. एवढी व्यवस्था ठेवण्याइतके काम मोठे नसेल, तर एकसंध प्रणालीच बरी. महाविद्यालयाच्या ग्रंथालयास एकच नोंदवही पुरते.