आयर्विनचे फूट आणि आपला उंबरा

पावसाळ्यात दोन सांगलीकर भेटले की पहिला प्रश्न ठरलेला. "आयर्विनला किती?" कृष्णेवरच्या या पुलाजवळ 40 फूट ही इशारा पातळी, 45 ही धोक्याची. आकडे पोरासोरांनाही पाठ असतात. पण पुलाजवळ किती फूट झाल्यावर तुमच्या दाराशी पाणी लागतं, असं विचारलं की बरेच जण विचारात पडतात. सूर्यवंशी प्लॉट, कर्नाळ रस्ता या भागांत इशारा पातळीच्या आधीच सामान हलवावं लागतं, तर काही पेठा 45 ओलांडल्यावरही कोरड्या राहतात. म्हणून मी भेटेल त्याला सांगतो, आपल्या उंबऱ्याचा फूट कोणता ते एकदा शोधा आणि विजेच्या मीटरशेजारी रंगानं लिहून ठेवा.

2005 च्या पुरात पाणी 53 फुटांच्या वर गेलं होतं. त्याची खूण भिंतींवर राहिली आणि याच्या वर पाणी येत नाही, असं शहरानं धरून चाललं. ऑगस्ट 2019 मध्ये हरभट रोड, मारुती रोड, गणपती पेठेतल्या अनेक दुकानदारांनी त्याच अंदाजानं माल वर चढवला आणि शटर ओढलं. पाणी 57 फुटांच्या पुढे गेलं. माझ्या ओळखीच्या एका कापडवाल्याचे साड्यांचे गठ्ठे माळ्यावर होते. पाणी ओसरल्यावर ते उघडले, तर एकीचा रंग दुसरीत उतरलेला, आणि तळच्या घड्यांत बोटभर गाळ. विमा होता, पण मालाची रक्कम जुनी लावलेली, खरेदीची बिलं गल्ल्याखालच्या कप्प्यात भिजून लगदा झालेली. कंपनीनं दावा निम्म्याहून जास्त कापला.

तेव्हा जूनच्या आधी पॉलिसी काढून वाचा. पूर त्यात आहे का, इमारतीबरोबर माल आणि घरसामान धरलंय का, रक्कम आजच्या भावाची आहे का, हे पाहा. बिलांचे फोटो परगावच्या नातेवाइकाच्या फोनवरही असू द्या. घरी परतल्यावर धुवायच्या आधी फोटो काढा, पण गाळ वाळू देऊ नका. वाळला की खरवडावा लागतो. पाण्यात राहिलेली गाडी स्टार्टर मारून बघू नका, इंजिनात पाणी खेचलं जातं आणि साध्या पॉलिसीत ते नुकसान सहसा बसत नाही.

दरवेळी पूर ओसरला की अलमट्टी धरण आणि संरक्षक भिंतींवर वाद सुरू होतो. तो प्रश्न महत्त्वाचाच आहे, पण त्याचं उत्तर येईपर्यंत नदीकाठी नवी घरं उठतच राहतात. जलसंपदा विभाग नकाशावर दोन रेषा आखतो: साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि 100 वर्षांतून एकदा येणाऱ्याची लाल. निळ्या रेषेच्या आत घर बांधायचं नसतं. दोन रेषांच्या मध्ये बांधकामावर बंधनं असतात. पूरक्षेत्राच्या नियमनासाठी केंद्रानं 1975 मध्येच नमुना विधेयक राज्यांकडे पाठवलं होतं. मणिपूर, राजस्थान, उत्तराखंड अशा मोजक्याच राज्यांनी तसा कायदा केला.

गाव हलवणं हाही एक उपाय, पण नुसत्या प्लॉटनं भागत नाही. 1989 च्या पुरानंतर कोल्हापूरजवळच्या प्रयाग चिखली आणि आंबेवाडीला सोनतळीत जागा मिळाली. मात्र शेती आणि गोठे जुन्या गावाला, त्यामुळे पुष्कळ कुटुंबं तिथेच राहिली. 2019 ला त्यांना बोटींनी बाहेर काढावं लागलं. जनावरांची सोय आधी केली असती तर माणसं हलली असती, असं मला ठामपणे वाटतं.

आणि निघायचं ते रस्ता उघडा असताना. 8 ऑगस्ट 2019 ला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळमध्ये लोकांना बाहेर काढणारी बोट उलटली आणि अनेकांचा जीव गेला. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती. म्हणून घरातली म्हातारी माणसं, बाळंतीण आणि दावणीची जनावरं यांनी कोणत्या फुटाला, कुणाकडे, कशानं जायचं, हे मे महिन्यातच ठरवा, आणि ज्यांच्याकडे जायचं त्यांना तेव्हाच फोन करून ठेवा.

प्लॉट घेणाऱ्यांनी तर बयाणा देण्याआधी गट क्रमांक घेऊन पाटबंधारे कार्यालयात जावं, जागा कोणत्या रेषेत येते ते लेखी मागावं. दलालाचं "इथं कधीच पाणी येत नाही" त्यासाठी चालत नाही. शेजारच्या जुन्या घरात 2019 आणि 2021 च्या पुरात पाणी कुठवर होतं, तेही स्वतः जाऊन विचारावं.