चंक्रमण : मात्रा, काल आणि पूर्वपरीक्षण

व्यवस्थापत्राच्या शेवटी ‘रोज फिरावयास जावे’ असे लिहून आपण बहुतेक वैद्य मोकळे होतो. चूर्णाची मात्रा, काल आणि अनुपान काटेकोरपणे सांगणारे आपण चालण्याच्या बाबतीत मात्र किती, केव्हा, कोठे आणि कोठवर यांपैकी काहीच सांगत नाही. या उणिवेची जाणीव आम्हांस एका रुग्णामुळे झाली. चूक आमची होती, म्हणूनच ती येथे नमूद करीत आहोत.

रुग्ण पुरुष, वय 54, बैठे काम, स्थूल शरीर, कफप्रधान प्रकृती, प्रमेह 8 वर्षांपासून. आम्ही औषधे दिली, पथ्य सांगितले आणि ‘भरपूर चाला’ असे बजावले. रुग्ण आज्ञाधारक होते. नवे बूट घालून ते पुण्यातील तळजाईच्या पठारावर गेले आणि पहिल्याच दिवशी दोन तास चालले. दहाव्या दिवशी चिकित्सालयात आले, तेव्हा अंगठ्याखाली फुटलेला फोड व्रणाच्या रूपात दिसत होता. वेदना मुळीच नव्हती, आणि हीच खरी भयसूचना होती. शल्यचिकित्सकांच्या साहाय्याने तो व्रण भरून येण्यास दोन महिने लागले. हातापायांची सुप्तता चरकाचार्यांनी प्रमेहाच्या पूर्वरूपांतच सांगितली आहे. आम्ही ते शिकलो होतो. परंतु रुग्णाचे तळपाय पाहिले नव्हते.

अध्वा आणि चंक्रमण

सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानातील 24 व्या अध्यायात या दोहोंचा स्पष्ट भेद आहे. अध्वा म्हणजे दूरची वाटचाल. ती कफ व स्थौल्य कमी करते, परंतु वर्ण व सौकुमार्यही हिरावून घेते. याउलट, देहास फारशी पीडा न देणारे चंक्रमण आयुष्य, बल, मेधा व अग्नी वाढवते आणि इंद्रियांना तरतरी आणते. प्रमेहचिकित्सेत निर्धन रुग्णास शंभर योजने अनवाणी चालावयास सांगितले आहे, हे खरे. परंतु तो अध्वा आहे आणि त्याचा अधिकारी निराळा. तळपायाची संवेदना गमावलेल्या रुग्णास तो उपदेश जसाच्या तसा लागू करणे अनर्थकारक ठरेल. त्याच 24 व्या अध्यायात पादत्राणाचे गुणही वर्णिले आहेत, याचा विसर पडू नये.

अर्धशक्तीची खूण

बलवान व स्निग्ध आहार घेणाऱ्यानेही शीतकाळी व वसंतात अर्ध्या शक्तीनेच व्यायाम करावा, इतर ऋतूंत त्याहून मंद, असे वाग्भटाचार्य सांगतात. अर्धी शक्ती संपली हे ओळखावे कसे? श्वास तोंडाने घ्यावासा वाटणे, कपाळ, नाक व काख येथे घाम येणे, मुखास कोरड पडणे. रुग्णास समजेल अशा भाषेत सांगावयाचे तर, सोबत्याशी बोलताना वाक्य मध्येच तुटू लागले की थांबावे.

वळशाची वाट का?

सरळ वाटेने जाणाऱ्यास अर्धशक्तीची खूण दूरवर गेल्यावर दिसते. तेथून परतताना उरलेली अर्धी शक्तीही खर्ची पडते आणि चंक्रमणाचा अध्वा होतो. आमच्या रुग्णाचे नेमके हेच झाले. लहान वळशाची वाट निवडल्यास प्रत्येक फेरीच्या शेवटी रुग्ण आरंभस्थानी येतो, स्वतःची परीक्षा करतो आणि मगच पुढील फेरीचा निर्णय घेतो. शिवाय वाट तीच असल्याने कालच्या व आजच्या श्रमाची तुलना सहज होते.

तळजाईच्या पठारावरील वनक्षेत्रात असे वळसे घेता येतात. सहकारनगरच्या बाजूने वाहन वरपर्यंत जात असल्याने चढ न झेपणाऱ्यांस सपाटीवरूनच आरंभ करता येतो. पंधरा मिनिटांत पुन्हा प्रवेशद्वाराशी आणणारा वळसा आम्ही प्रथम रुग्णासोबत स्वतः चालून ठरवतो. झाडांची सावली आणि प्रातःकाळी ऐकू येणारा मोरांचा केकारव यांमुळे रुग्णास कंटाळाही येत नाही. पावसाळ्यात मात्र मुरमाची वाट निसरडी होते. त्या काळात घराजवळील फरसबंद जागाच बरी.

आमचा सध्याचा प्रघात

1. चालणे सांगण्यापूर्वी दोन्ही तळपाय, बोटांच्या बेचक्या व नखे पाहणे, स्पर्शज्ञान तपासणे. गुडघ्यांची सूज, श्वास व हृद्रोग यांविषयी विचारणे.
2. पहिला आठवडा एकच फेरी. अर्धशक्तीची खूण न दिसल्यास दुसऱ्या आठवड्यात दुसरी. उतारावर वेग वाढवू न देणे.
3. काल प्रातःकाळचा. भोजनानंतर लगेच नाही. भोजनोत्तर शतपावली हा निराळा विषय आहे. मधुमेहाची आधुनिक औषधे अथवा इन्सुलिन घेणाऱ्याने सोबत साखर ठेवावी व चालण्याची वेळ आपल्या डॉक्टरांशी बोलून ठरवावी.
4. मऊ, सैल, वापरातले पादत्राण व सुती मोजे. घरी परतल्यावर तळपाय आरशात पाहणे किंवा घरच्या माणसाकडून पाहून घेणे.
5. छातीत दुखणे, भोवळ अथवा पायास नवा फोड आढळल्यास चालणे बंद करून त्याच दिवशी दाखवावयास येणे.

उपरोक्त रुग्ण व्रण भरल्यानंतर, शल्यचिकित्सकांच्या संमतीने, पुन्हा एका फेरीपासून चालू लागले. आज ते तीन फेऱ्या करतात आणि दर भेटीस, आम्ही न सांगता, प्रथम बूट काढून पाय पुढे करतात. ही सवय त्यांस लागण्यापूर्वी आम्हांस लागावयास हवी होती. वैद्यबंधुभगिनींनी पुढील व्यवस्थापत्रावर ‘फिरावयास जावे’ हे शब्द लिहिताना क्षणभर लेखणी थांबवून रुग्णाचे पाय पाहावेत, एवढीच नम्र विनंती.