तोंडाचा कर्करोग : न दुखणाऱ्या चट्ट्याची दखल

तेरणेकाठचे तेर म्हणजे प्राचीन तगर. मडके कच्चे की पक्के हे थापटीने वाजवून ओळखणाऱ्या गोरोबाकाकांचे हे गाव. तोंडाच्या कर्करोगाची पारख मात्र वेदनेवर सोपविता येत नाही. प्रारंभी तो बहुधा दुखतच नाही. दुखत नाही म्हणून दाखवावयाचे नाही, ही समजूत येथे सर्वांत घातक ठरते.

२०१६-१७ च्या प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील सुमारे २४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखूचे सेवन करीत होते. धूम्रपान करणारे ४ टक्क्यांच्या आत होते. म्हणजे आपला प्रश्न मुख्यतः तंबाखूच्या डबीचा आहे. चुन्याशी मळलेली चिमूट ओठाआड वा गालात जेथे धरली जाते, तेथेच तिच्यातील कर्करोगकारक द्रव्ये रोज झिरपतात आणि रोगही बहुधा तेथेच उद्भवतो. व्यसन म्हटले की पुरुषच डोळ्यांसमोर येतात. परंतु भाजलेल्या तंबाखूची मशेरी लावणारी स्त्री तिला दंतमंजनच मानते आणि ‘तंबाखू खात नाही’ असे प्रामाणिकपणे सांगते. तिला ‘मशेरी लावता का?’ असेच विचारावयास हवे. नुसती सुपारीही निरुपद्रवी नाही. तीही कर्करोगकारक ठरली आहे. तंबाखूला मद्याची जोड मिळाल्यास धोका अनेक पटींनी वाढतो.

पुसूनही न जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरणारा व्रण, तिखट न सोसणे, तीन बोटे उभी मावतील इतके तोंड न उघडणे, यांपैकी काहीही आढळल्यास डॉक्टरांना दाखवावे. प्रत्येक चट्टा कर्करोग नसतो. तो निर्णय तुकडा काढून तपासल्यावरच होतो.

ग्रामीण माणूस तपासणीस येत नाही, ही तक्रार या परिसरात टिकत नाही. शेजारच्या बार्शीत १९८७ मध्ये देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. भूम व परंडा तालुके तिच्या कक्षेत आहेत. १९९९ मध्ये तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा मोठा अभ्यास सुरू झाला, तेव्हा तपासणीस बोलाविलेल्या स्त्रियांपैकी तीन-चतुर्थांशांहून अधिक आल्या. तोंडाची तपासणी तर त्याहून सोपी: पुरेसा उजेड व प्रशिक्षित नजर. केरळात १९९६ पासून झालेल्या अशा तपासण्यांमुळे तंबाखू वा मद्य घेणाऱ्यांतील या रोगाचे मृत्यू सुमारे एक-तृतीयांशाने घटले. तिशीपुढील स्त्री-पुरुषांची अशी तपासणी आता राष्ट्रीय कार्यक्रमात समाविष्ट आहे.

शाळेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखूविक्रीस २००३ च्या कायद्याने मनाई आहे. ते अंतर मोजण्यास शिक्षक व पंचायत सदस्यांना केवळ एक फीत लागते.