रडून झाल्यावर (लूक ७:३६-५०)



आजच्या वाचनात शिमोन परूश्याच्या घरी एक पापी स्त्री येते. येशूचे पाय तिच्या आसवांनी भिजतात, ती ते केसांनी पुसते. लूक तिचं नाव सांगत नाही. ५९१ साली पोप ग्रेगरींनी एका प्रवचनात तिला मग्दालीया मरीया म्हटलं आणि पुढे चित्रकारांनीही तेच धरलं. टिशियनने १५३१च्या सुमारास काढलेली मरीया फ्लॉरेन्सला आहे: नजर वर, डोळ्यांत पाणी, जवळ सुगंधी तेलाची कुपी. चित्र सुंदरच, पण खरं सांगू? मला ती रडण्यातच अडकल्यासारखी वाटते.

मीही अडकले होते ना. दोन वर्षांपूर्वी ताईशी पैशांवरून खोटं बोलले. कबूल केलं, तिने माफही केलं. तरी रोज रात्री प्रार्थनेत तेच!

मग गोव्यात सतराव्या शतकात हस्तिदंतात कोरलेल्या ‘उत्तम मेंढपाळा’चा फोटो पाहिला. वर बाळ येशू, त्याच्या खांद्यावर कोकरू. खाली कारंजं, मेंढरं. आणि अगदी तळाशी, गुहेत, आडवी झालेली मरीया. डोकं हातावर टेकलेलं, समोर पुस्तक. ती चक्क वाचतेय! मेंढरांच्याच डोंगरात तिलाही जागा आहे.

वचन ५० पुन्हा वाचलं. येशू त्या स्त्रीला शांतीने जायला सांगतो, आणखी रडायला नाही.

आज ऐरोली स्टेशनवर लोकलची वाट बघताना ताईला मेसेज केला. सॉरी नाही लिहिलं. रविवारी जेवायला येतेस का, एवढंच विचारलं.