शर्यतीचे टायर आणि ओला रस्ता

घर्षणांक एकापेक्षा जास्त असू शकतो का? हा प्रश्न वर्गात विचारला की निम्मे हात 'नाही' म्हणून वर जातात. पुस्तकातील कोष्टकात लाकडावर लाकूड, लोखंडावर लोखंड अशा जोड्या असतात आणि त्यांच्यापुढचे आकडे बहुधा ०.२ ते ०.६ च्या दरम्यान असतात. त्यामुळे एक ही जणू निसर्गाने घालून दिलेली मर्यादाच आहे, असा समज होतो. या समजाला छेद देणारी एक मोटारगाडी आज पाहू.

अमेरिकेत 'ड्रॅग रेस' नावाची शर्यत फार लोकप्रिय आहे. सरळ पट्टीवर दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या करायच्या, दिवा हिरवा झाला की सुटायचे आणि पाव मैल, म्हणजे सुमारे ४०२ मीटर, अंतर कोण आधी कापतो ते पाहायचे. वळण नाही, चढ नाही. तिथल्या 'नॅशनल हॉट रॉड असोसिएशन' या संस्थेची स्थापना १९५१ साली झाली, तेव्हापासून या खेळाला शिस्त आली. शर्यतीच्या खास गाड्या रस्त्यावर आणता येत नाहीत. पण हौशी मंडळींना एकच गाडी आठवडाभर कामावर जायला आणि रविवारी शर्यतीला हवी असते. त्यांच्यासाठी 'ड्रॅग रेडियल' नावाचे टायर निघाले. हे दिसतात जवळजवळ शर्यतीच्या गुळगुळीत टायरांसारखे, पण त्यांवर थोड्याशा खाचा असतात आणि ते रस्त्यावर वापरायला कायद्याची आडकाठी नसते.

२०१८ साली डॉज कंपनीने 'चॅलेंजर डीमन' ही गाडी असले टायर कारखान्यातूनच बसवून विकली. कंपनीने दिलेले आकडे असे: वजन सुमारे १९३० किलोग्रॅम, शर्यतीचे इंधन घातल्यास ८४० अश्वशक्ती, ताशी ६० मैल वेग गाठायला २.३ सेकंद, पाव मैल ९.६५ सेकंदांत आणि त्या वेळी वेग ताशी १४० मैल.

आता कागद-पेन्सिल घ्या. ताशी ६० मैल म्हणजे सेकंदाला २६.८ मीटर. अमेरिकन प्रथेप्रमाणे गाडी पहिला एक फूट सरकल्यावर घड्याळ सुरू होते, आणि तेवढ्यात तिला सेकंदाला सुमारे ३ मीटर वेग आलेला असतो. (ही सवलत मला पटत नाही, पण खेळ त्यांचा, नियम त्यांचे.) तो वजा केला तर २.३ सेकंदांत वाढलेला वेग २३.८ मीटर प्रति सेकंद. म्हणजे सरासरी त्वरण १०.३ मीटर प्रति सेकंद वर्ग. गुरुत्वत्वरण ९.८! गच्चीवरून सोडलेला दगड ज्या त्वरणाने खाली येतो, त्याहून अधिक त्वरणाने ही दोन टनांची गाडी आडवी धावते. सुटण्याच्या क्षणी तर त्वरण गुरुत्वत्वरणाच्या १.८ पट असते, असे कंपनीचे म्हणणे आहे.

गाडीला पुढे ढकलणारे बल कोणते? इंजिन नव्हे. इंजिन फक्त चाक फिरवते. चाक रस्त्याला मागे रेटते आणि रस्ता घर्षणाने गाडीला पुढे रेटतो. तेव्हा गाडीवरचे पुढच्या दिशेचे बल हे घर्षणाएवढेच असणार आणि ते फार तर 'घर्षणांक गुणिले चालत्या चाकांवरील भार' एवढे असेल. डीमनची मागची चाके चालती आहेत. सुटताना गाडी मागे बसते, पुढची चाके जमिनीवरून उचललीसुद्धा जातात. म्हणजे सगळा भार मागच्या दोन टायरांवर आला. आता त्वरण बरोबर घर्षणांक गुणिले गुरुत्वत्वरण. वस्तुमान दोन्हीकडून कटून जाते. त्वरण गुरुत्वत्वरणाच्या १.८ पट असेल, तर घर्षणांक निदान १.८ असलाच पाहिजे. झाले, एकाची मर्यादा मोडली!

आणखी एक गंमत. त्वरण सर्वत्र सारखे असते, तर ४०२ मीटर ९.६५ सेकंदांत कापताना शेवटचा वेग सेकंदाला ८३ मीटर आला असता. प्रत्यक्षात तो ६२.६ मीटर आहे. याचा अर्थ त्वरणाचा मोठा हिस्सा सुरुवातीलाच खर्ची पडतो. ८४० अश्वशक्ती म्हणजे सुमारे ६२६ किलोवॉट. शक्ती म्हणजे बल गुणिले वेग हे सूत्र लावले, तर चालकासह २००० किलोग्रॅमच्या गाडीला गुरुत्वत्वरणाच्या दीडपट त्वरण देताना सेकंदाला २१ मीटर वेगापाशीच ही सगळी शक्ती संपते. त्या वेगापर्यंत मर्यादा टायरची, पुढे इंजिनाची. म्हणून ड्रॅग रेसवाले पहिल्या ६० फुटांचा वेळ वेगळा मोजतात आणि टायरवर एवढा जीव टाकतात.

रबर हे करते कसे? पुस्तकातील नियम सांगतो की घर्षण स्पर्शक्षेत्रावर अवलंबून नसते. कठीण पदार्थांना हा नियम बराच लागू पडतो, कारण ते एकमेकांना फक्त काही उंचवट्यांवर टेकतात. मऊ रबर तसे नाही. ते रस्त्याच्या बारीक खड्ड्यांत शिरते, खड्यांना कवटाळते. जिथे खरोखरचा स्पर्श होतो तिथे रेणूंमधील आकर्षण काम करते. शिवाय खड्यावरून घसरताना रबर दबते आणि पुन्हा फुगते. दबताना घेतलेली सगळी ऊर्जा ते परत देत नाही, काही उष्णतेत जाते. हाही विरोध घर्षणातच जमा होतो. म्हणून ड्रॅग रेडियलचे रबर मुद्दाम मऊ घेतात, शर्यतीआधी चाके जागच्या जागी फिरवून ते तापवतात आणि पट्टीवर राळेसारखा चिकट द्रव फवारतात.

हवाही कमी ठेवतात. पंपावर आपण 'तीस पौंड हवा भर' म्हणतो. त्याचा अर्थ दर चौरस इंचाला तीस पौंड, म्हणजे सुमारे २०७ किलोपास्कल. एका मागच्या चाकावर ४५० किलोग्रॅम भार धरला, तर तो पेलायला ढोबळमानाने २१० चौरस सेंटिमीटर स्पर्शक्षेत्र लागते. हवा १६ पौंडांवर, म्हणजे ११० किलोपास्कलवर आणली की क्षेत्र ४०० चौरस सेंटिमीटर होते. (टायरची बाजूची भिंत थोडा भार उचलते, तो सोडून दिला आहे.) मऊ रबराला तेवढी जास्त जमीन कवटाळायला मिळते.

आता हीच गाडी शर्यतीच्या पट्टीवरून गावातल्या रस्त्यावर आणा, आणि पाऊस पडू द्या.

टायरवरच्या खाचा पकड वाढवायला असतात असे पुष्कळांना वाटते. कोरड्या डांबरावर खाचा उलट स्पर्शक्षेत्र कमी करतात. त्यांचे काम वेगळे आहे: पाण्याला वाट देणे. ३० सेंटिमीटर रुंदीचा टायर ३ मिलिमीटर पाण्यातून ताशी ९० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २५ मीटर वेगाने जात आहे, असे समजा. त्याला दर सेकंदाला ०.३ गुणिले ०.००३ गुणिले २५, म्हणजे ०.०२२५ घनमीटर पाणी बाजूला सारावे लागते. साडेबावीस लिटर! घरातली मोठी बादली भरून वर थोडे, तेही प्रत्येक सेकंदाला आणि प्रत्येक चाकाला. खाचा पुरेशा नसतील तर पाणी टायरपुढे साचते, पाचरीसारखे त्याच्याखाली शिरते आणि टायर पाण्यावर तरंगू लागतो. मग पाण्याचा थर आणि रबर यांच्यात घर्षण जवळजवळ उरत नाही. सुकाणू फिरवा, ब्रेक दाबा, गाडी ऐकत नाही.

हे कोणत्या वेगाला घडेल? पाणी टायरवर आदळते तेव्हा निर्माण होणारा दाब पाण्याच्या घनतेच्या निम्म्याला वेगाच्या वर्गाने गुणून मिळतो. हा दाब टायरमधील हवेच्या दाबाइतका झाला की पाणी टायर उचलणार, असा साधा तर्क करू या. ३० पौंड हवेला उत्तर येते सेकंदाला २०.३ मीटर, म्हणजे ताशी ७३ किलोमीटर. १६ पौंडांना ताशी ५३. अमेरिकेच्या 'नासा' संस्थेतील हॉर्न आणि ड्रेहर या संशोधकांनी विमानाच्या चाकांवर प्रयोग करून १९६३ साली असेच सूत्र प्रसिद्ध केले. त्यानुसार हे वेग काहीसे जास्त, म्हणजे ताशी ९१ आणि ६७ किलोमीटर, येतात. सूत्र लागू होते ते खाचा पाण्याने भरून गेल्यावर, आणि उथळ खाचा लवकर भरतात. तेव्हा ज्या कमी हवेने कोरड्या पट्टीवर जास्त पकड दिली, तीच ओल्या रस्त्यावर चाकाला लवकर तरंगवते.

आणि यात एक गोष्ट लोक विसरतात. हौशी माणूस असले टायर बहुधा मागच्या दोन चाकांनाच बसवतो. पुढचे टायर साधे, खोल खाचांचे राहतात. सगळे एकदम घसरले तर गाडी निदान सरळ जाईल. पण पुढची चाके पकड धरून आहेत आणि मागची सुटली, तर वळणावर गाडीचा मागचा भाग बाहेर फेकला जातो आणि गाडी भोवऱ्यासारखी गरकन फिरते. ती सावरायला चालकाला सेकंदभरही मिळत नाही. पाऊसच हवा असेही नाही. थंडीत मऊ रबर कडक होते. गाडी तापलेल्या चाकांची नसते, तेव्हा कंपनीने छापलेले आकडे विसरावेत. कमी हवेवर लांबचा प्रवास केला तर बाजूची भिंत प्रत्येक फेऱ्याला जास्त वाकते, तापते आणि टायर फुटू शकतो. झीज तर विचारूच नका. अमेरिकेत टायरवर झिजेचा तुलनात्मक अंक छापावा लागतो. १०० हा आधार, ३०० म्हणजे त्याच्या तिप्पट टिकाऊ. काही ड्रॅग रेडियलवर हा अंक चक्क शून्य असतो. त्याच टायरावर 'डी.ओ.टी.' ही अक्षरेही असतात, आणि ती वाचून ग्राहक निर्धास्त होतो. वास्तविक ती अक्षरे म्हणजे टायर किमान नियमांत बसतो, असे खुद्द उत्पादकाने दिलेले प्रमाणपत्र. पावसाबद्दल ती काही सांगत नाहीत. जाणते लोक शर्यतीचे टायर वेगळ्या चाकांवर चढवून नेतात आणि पट्टीवर पोचल्यावर बदलतात. तासाभराचे काम आहे.

आपल्याकडे झिजून गुळगुळीत झालेला टायर पाहून 'हा तर रेसिंगचा झाला' असा विनोद करतात. तो टायर शर्यतीचाही नव्हे. त्याचे रबर कडक आहे, म्हणून कोरड्यात ती पकड नाही. आणि खाचा गेल्या, म्हणून ओल्यात पाण्याला वाट नाही. दोन्हीकडून तोटाच.

घर्षणांक घरी मोजता येतो. एका विटेच्या रुंद बाजूला सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा घट्ट चिकटवा. ती बाजू खाली करून वीट गुळगुळीत फळीवर ठेवा आणि फळीचे एक टोक सावकाश उचला. वीट घसरू लागेल त्या वेळचा फळीचा जमिनीशी कोन मोजा. त्या कोनाचा 'टॅन' म्हणजे घर्षणांक. पंचेचाळीस अंशांच्या पुढे गेलात, तर एकापुढे गेलात. खाली मित्राचा पाय नको. ट्यूबवरची पांढरी भुकटी आधी धुऊन, पुसून घ्या, नाहीतर आकडा फसवा येईल. मग फळी ओली करून, बारीक माती टाकून, आणि रबर उन्हात तापवून प्रत्येक वेळी पाच-पाच वाचने घ्या.