मोटारीचें मध्यवर्ती कुलूप

पुण्याहून अहिल्यानगरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर शिरूर तालुक्यांत रांजणगांव हें गांव आहे. अष्टविनायकांपैकीं महागणपतीचें स्थान म्हणून त्याची ख्याति पूर्वापार आहेच. परंतु तेथील औद्योगिक वसाहतीमुळें त्याला दुसरीही एक ओळख प्राप्त झाली आहे. टाटा व फियाट यांच्या भागीदारीचा मोटारींचा कारखाना तेथें उभा राहिला, आणि इ. स. २०१७ मध्यें जीप कंपास ही गाडी तेथून बाहेर पडूं लागली. अशा कोणत्याही नव्या गाडीपाशीं क्षणभर थांबून पाहावें. मालक किल्लीवरील बटण दाबतो, तोंच ‘खट्’ असा एकच आवाज होतो आणि सर्व दारांना एकदम कुलूप लागतें. या योजनेस ‘सेंट्रल लॉकिंग’ म्हणतात. आम्ही तिला मध्यवर्ती कुलूप म्हणूं.

रोज दृष्टीस पडणाऱ्या वस्तूचें अंतरंग समजून घेणें हाही विद्याभ्यासच होय. परंतु कुलपाच्या बाबतींत तें लागतें कसें एवढेंच जाणून भागत नाहीं. संकटसमयीं तें उघडावें कसें, हेंही जाणलें पाहिजे. या दोन्ही गोष्टींचा विचार आम्ही येथें क्रमानें करणार आहोंत.

प्रथम एक भेद नीट ध्यानांत घ्यावा. दार मिटलेलें ठेवणें हें एक काम, आणि तें परक्याला उघडूं न देणें हें दुसरें काम. आपल्या जुन्या घरांच्या दारांना कडी असते व त्या कडींत कुलूप घालतात. वाऱ्यानें दार उघडूं नये म्हणून कडी पुरेशी आहे; चोरानें उघडूं नये म्हणून कुलूप लागतें. मोटारीच्या दारांतही हीं दोन साधनें निराळीं असतात. चौकटीच्या खांबावर पोलादाची एक वांकविलेली सळई पक्की बसविलेली असते. दार लोटलें म्हणजे दारांतील पंजा फिरून त्या सळईला विळखा घालतो, आणि एक लहानशी खिटी पंजाच्या दांत्यांत अडकून त्याला मागें फिरूं देत नाहीं. ही झाली कडी. दाराची मूठ ओढली कीं एका बारीक दांडीच्या योगानें खिटी उचलली जाते, पंजा सुटतो आणि दार उघडतें.

कुलूप या पंजाला स्पर्शही करीत नाहीं. तें फक्त मूठ आणि खिटी यांच्यामधील संबंध तोडून टाकतें. म्हणूनच पुष्कळ गाड्यांत कुलूप लागलेलें असतां बाहेरील मूठ ओढली तर ती नुसती रिकामी हालते. तिची हालचाल खिटीपर्यंत पोंचतच नाहीं. विहिरीवरील रहाट फिरावा, पण दोराला पोहराच नसावा, तसाच हा प्रकार होय.

पूर्वीच्या गाड्यांत हा संबंध जोडण्याचें व तोडण्याचें काम खिडकीच्या कडेची बोंडी हातानें वरखालीं करून करावें लागे. चार दारांच्या चार बोंड्या. त्यांतील एक विसरली कीं बाकीच्या तिन्हींचें श्रम व्यर्थ. आतां प्रत्येक दाराच्या पोटांत विजेची एक चिमुकली मोटर बसविलेली असते. बॅटरीचा १२ व्होल्टांचा प्रवाह तिच्यांत एका दिशेनें सोडला तर ती उजवीकडे फिरते, उलट दिशेनें सोडला तर डावीकडे फिरते. दांतेरी चक्रांमुळें तिचा वेग कमी होतो व जोर वाढतो; शेवटीं एक दांडी पुढें अथवा मागें सरकते. दांडी एका बाजूस गेली कीं मुठीचा संबंध तुटला, दुसऱ्या बाजूस गेली कीं जुळला. हें सारें काम सेकंदाच्या आंत उरकतें व लागलीच प्रवाह बंद होतो. कुलूप लावण्यास व काढण्यास वीज लागते. लागलेलें कुलूप लागलेलें राहण्यास मात्र ती लागत नाहीं. ही गोष्ट वाचकांनीं लक्षांत ठेवावी. पुढें तिचें महत्त्व दिसून येईल.

या सर्व मोटरींना हुकूम देणारी एक नियंत्रक पेटी गाडींत असते, आणि म्हणूनच या कुलपाला मध्यवर्ती असें नांव पडलें. चालकाच्या दारांतील बटण, किल्लीचें छिद्र, अथवा दूरची किल्ली यांपैकीं कोणाकडूनही निरोप आला कीं पेटी सर्व दारांना एकच हुकूम सोडते. कित्येक गाड्यांत गाडीनें कांहीं ठराविक वेग घेतला कीं पेटी आपण होऊन कुलपें लावते. कांहीं जुन्या मर्सिडीज गाड्यांत हेंच काम विजेच्या मोटरींऐवजीं नळ्यांतील हवेच्या दाबानें होत असे.

विजेच्या कुलपाची कल्पना आजकालची नव्हे. अमेरिकेंतील स्क्रिप्स-बूथ या गाडींत तें इ. स. १९१४ मध्यें आलें होतें. पुढें पॅकर्ड कंपनीनें इ. स. १९५६ मध्यें तें पुन्हां आणलें. दुरून चालणारी किल्ली रेनॉ कंपनीच्या फ्युएगो गाडीनें इ. स. १९८२ मध्यें लोकांपुढें ठेवली. आजची किल्ली रेडिओलहरींनीं बोलते. आपल्या देशांत या लहरी बहुधा ४३३ मेगाहर्ट्झच्या सुमाराच्या असतात.

येथें एक शंका सहजच येईल. लहरी तर सर्व दिशांना पसरतात. मग चोरानें त्या पकडून ठेवल्या तर काय करावें? घरमालकानें व पहारेकऱ्यानें खुणेचा एकच शब्द ठरविला, तर आड लपलेला मनुष्य तो ऐकून दुसऱ्या रात्रीं तोच शब्द उच्चारील. यावर तोड म्हणून किल्ली दर वेळीं नवा शब्द बोलते. किल्ली व गाडी या दोघींपाशीं एक समान गुप्त संख्या व एक मोजणी असते. बटण दाबलें कीं मोजणी एकानें वाढते, आणि गुप्त संख्येच्या साह्यानें तिचें एका नव्या सांकेतिक शब्दांत रूपांतर होतें. गाडी आपल्यापाशीं तोच हिशेब करून शब्द पडताळून पाहते. एकदां स्वीकारलेला शब्द ती पुन्हां मानीत नाहीं. खिशांत चुकून बटण दाबलें गेलें तर किल्लीची मोजणी थोडी पुढें जाते. म्हणून ठराविक मर्यादेपर्यंतचे पुढील शब्दही गाडी मान्य करिते.

एका जागेवरून अनेक अडसर चालविण्याची युक्ति मोटारीच्याही आधींची आहे. तिचें उदाहरण पाहावयाचें तर शिरूरहून दौंडास जावें. शिरूर हें घोडनदीच्या कांठचें, हमरस्त्यावरील गांव. दौंड हें भीमेच्या कांठचें, रेल्वेचें गांव. मुंबईहून सोलापूरकडे जाणाऱ्या मार्गाला मनमाडकडील फांटा येथें मिळतो. हा फांटा इ. स. १८७८ मध्यें सुरू झाला. जेथें असे रूळ मिळतात, तेथें सांधे एका मार्गाचे जुळलेले व सिग्नल मात्र दुसऱ्या मार्गाचा पडलेला, असें कदापि होतां कामा नये. याकरितां सांधे व सिग्नल यांच्या तरफा एकमेकींत अशा गुंतवितात कीं, विरुद्ध हुकूम देणें अशक्यच व्हावें. इंग्लंडांत जॉन सॅक्स्बी यानें अशा योजनेचें पेटंट इ. स. १८५६ मध्यें घेतलें. आतां तरफांचें काम पुष्कळ ठिकाणीं वीज व संगणक करितात; तत्त्व मात्र तेंच राहिलें आहे.

या योजनेंतील सर्वांत शहाणपणाची गोष्ट ती बिघडल्यावर दिसून येते. जुन्या सिग्नलाची तार तुटली तर त्याचा हात वजनाच्या भारानें आपोआप आडवा होई, म्हणजे ‘थांबा’ असेंच सांगे. शंका आली कीं वाट बंद, हा रेल्वेचा नियम होय. कारण थांबलेल्या गाडींतील माणूस बहुधा सुखरूप असतो.

मोटारीच्या कुलपाला हा नियम जशाचा तसा लावतां येत नाहीं. बाहेरील चोराला दार बंद पाहिजे, पण आंतील माणसाला तें उघडतां आलें पाहिजे. आपण वर पाहिलें कीं, कुलूप आपली स्थिति विजेवांचून राखतें. अर्थात् अपघातांत बॅटरी निकामी झाली, तर लागलेलें कुलूप लागलेलेंच राहील. यास्तव चांगल्या गाड्यांत दोन उपाय योजिलेले असतात. पहिला असा कीं, हवेची पिशवी फुगविणारी पेटी जबर धक्का ओळखतांच कुलपें काढण्याचाही हुकूम देते. दुसरा उपाय त्याहून साधा व अधिक भरंवशाचा आहे: आंतील मुठीला अथवा बोंडीला विजेवांचून, केवळ हातानें कुलूप काढतां येतें. आपल्या देशांत १ जुलै २०१९ पासून नव्या प्रवासी मोटारींना मध्यवर्ती कुलूप संकटकाळीं हातानें उघडण्याची सोय कायद्यानें आवश्यक झाली. त्याच वर्षापासून भाड्यानें चालणाऱ्या नव्या टॅक्सींत मुलांसाठींचें कुलूप असूं नये, असाही नियम झाला. कारण आंत बसलेल्या उतारूला, विशेषतः एकट्या स्त्रीला, दार उघडण्याचा हक्क राहिला पाहिजे.

मुलांसाठींचें हें कुलूप म्हणजे मागील दाराच्या कडेला असलेला एक बारीक खटका होय. तो लावला कीं त्या दाराची आंतील मूठ निरुपयोगी होते. बाहेरील मूठ मात्र चालते. चालत्या गाडींतून मूल पडूं नये म्हणून तो उपयोगाचा आहे. परंतु त्यावर मध्यवर्ती कुलूपही लागलें, तर मागें बसलेलें मूल दोन्ही बाजूंनीं कोंडलें जातें. कांहीं गाड्यांत तर बाहेरून लावण्याचें दुहेरी कुलूप असतें. त्यानें आंतल्या सर्वच मुठी निकामी होतात. अशी गाडी आंत माणूस असतां कधींही बंद करूं नये.

हा धोका कल्पनेंतला नव्हे. चैत्र-वैशाखांत आमच्या या भागांत पारा ४० अंशांच्या वर जातो. उन्हांत उभ्या असलेल्या बंद गाडींतील उष्णता दहा मिनिटांत बाहेरच्याहून सुमारें १० अंशांनीं वाढूं शकते, आणि पुढेंही वाढतच राहते. कांच बोटभर उघडी ठेवल्यानें फारसा लाभ होत नाहीं. लहान मुलाचें शरीर मोठ्या माणसाच्या मानानें फार लवकर तापतें. ‘दुकानांतून एवढी वस्तु घेऊन येतों’ म्हणून मूल व किल्ली दोन्ही गाडींत ठेवून जाणारा मनुष्य आपण केवढें साहस करीत आहों हें जाणत नाहीं. किल्लीवरील बटणाशीं खेळतां खेळतां मूल स्वतःच सर्व दारें लावून घेऊं शकतें.

म्हणून विद्यार्थीमित्रहो, ज्या गाडींत तुम्ही बसतां तिची ओळख करून घ्या. कुलूप लागलेलें असतां आंतील मूठ एकदां ओढावी लागते कीं दोनदां, कीं आधीं बोंडी उचलावी लागते, हें गाडी उभी असतां वडील माणसांच्या देखत करून पाहा. किल्लीच्या पोटांत दडविलेली साधी धातूची किल्ली व दारावरील तिचें छिद्र कोठें आहे तें पाहून ठेवा. बॅटरी संपली तर तीच उपयोगीं पडते. बंद गाडींत मूल अडकलेलें दिसलें तर ११२ या क्रमांकावर कळवा. तें मलूल झालेलें असेल तर वाट पाहत बसूं नका; त्याच्यापासून दूरची बाजूची कांच कोपऱ्यावर टोंकदार कठीण वस्तूनें फोडा. पुढील कांच दोन थरांची असते. ती अशी फुटून पडत नाहीं. पावसाळ्यांत गाडी पाण्यांत सांपडली तर आधीं पट्टा सोडा, वीज चालू आहे तोंच खिडकी उघडा, आणि लहानांना प्रथम बाहेर काढा.

बाहेरून येणाऱ्याला थांबविणें हें कुलपाचें अर्धेंच काम झालें. आंत बसलेल्याच्या हातीं विजेवांचून चालणारी एक खिटी शिल्लक ठेवली, म्हणजेच तें पुरें झालें. ही खिटी कारखानदारानें बसवावयाची आहे. पण ती कोठें आहे हें वेळेपूर्वीं पाहून ठेवणें हें मात्र ज्याचें त्यानेंच करावयाचें आहे.